माझ्याआधी फ्लॅट पाहून गेलेला माणूस

आधीच सांगून टाकते, नाहीतर खाली कमेंटमध्ये "ताई, तुमचा मुळातच असल्या गोष्टींवर विश्वास असणार" म्हणणारे येतीलच. नाही आहे. माझी नोकरी क्वालिटी कंट्रोलमधली. एकवीस वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात मी लोकांनी बनवलेले पार्ट मोजले आणि नापास केले, त्याचाच पगार घेतला. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, स्टीलचा टेप असतो. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगू का... नाश्ता करता करता हसायला म्हणून वाचते. त्या पांढऱ्या साड्या, तो घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा — चालू द्या म्हणते आणि पुढचा घास घेते.

आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. हसा तुम्ही, माझी हरकत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की माझ्या अनुभवात अमावास्या नाही, स्मशान नाही, रात्रसुद्धा नाही. एप्रिल महिना, दुपारचा एक, नागपूर! भूत बाहेर पडलं तर त्यालाच ऊन लागेल असली वेळ.

तर झालं असं. माझे आई-बाबा पाचपावलीत भाड्याच्या घरात राहायचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं — गेट, खिडकीच्या जाळ्या, आणि उन्हाळा आला की कूलरचे स्टँड. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, नागपूरचा माणूस घर बघायला गेला की आधी पूर्व-पश्चिम बघत नाही, कूलर कोणत्या खिडकीत बसेल ते बघतो. त्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकायचा, त्यावर तो पत्र्याचा भलामोठा कूलर. अर्ध्या नागपूरचे कूलर आपल्या पायावर उभे आहेत असं बाबा म्हणायचे. वेल्डिंगची ठिणगी उडून त्यांची उजवी भुवई अर्धी जळलेली आहे, तीही ते मेडलसारखी मिरवायचे. नऊ वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले. तेव्हापासून ते दोनदाच खाली उतरले, तेही दवाखान्यात जायला, आणि दोन्ही वेळा शेजारच्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं.

यंदा घरमालकांनी सांगितलं — बिल्डिंग पाडायची आहे, मे संपायच्या आत खोल्या रिकाम्या करा. भाऊ हैदराबादला असतो, अकराव्या मजल्यावर. तो म्हणाला, घेऊन येतो दोघांना. बाबांनी त्या दिवसापासून संध्याकाळचं जेवण सोडलं.

मी फोन केला तर म्हणाले, "बेबी, मले तिकडं नेसान तर मी दुपारचंही बंद करतो."

"बाबा, हे काय लहान पोरासारखं?"

"मंग नको नेऊ. सोपं आहे."

मला घरी बेबीच म्हणतात. वय सत्तेचाळीस आणि नाव बेबी! विदर्भात अशा बेब्या गल्लोगल्ली सापडतील.

मी त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज टाकला. आमचा एक प्लांट नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. साहेब म्हणाले, तिकडे उन्हाळ्यात कोणी जायला मागत नाही, तुम्ही मागून जाताय? म्हटलं, हो जी, मागूनच जाते. आणि खरं सांगते, सही झाली तेव्हा मी कॅन्टीनमध्ये एकटीच हसत बसले होते. एकवीस वर्षांनी घरी! पुन्हा तो सकाळचा तर्री-पोहा, रस्त्यावर "काय जी" म्हणणारी माणसं, कोणी हळू आवाजात बोलतच नाही असं आपलं गाव. मी एकटी आहे, पसारा नाही. चार बॅगा, एक टेप, झाली की निघायची तयारी.

आता घर पाहिजे होतं. तळमजल्याचं. माझ्या पैशात बसणारं. आणि मे संपायच्या आत. पुण्यातले सगळे मला म्हणत होते, "नागपूर काय बाई, स्वस्त आहे." यांना एकदा इकडे आणून घरं दाखवायला पाहिजेत. स्वस्त होतं ते इतकं लांब की तिथून नागपूर दिसतसुद्धा नाही. एका दलालानं तळमजला म्हणून नेलं, तर खाली पार्किंग आणि वर फ्लॅट. म्हणाला, "ग्राउंडच समजा मॅडम, फक्त चौदा पायऱ्या आहेत." दुसऱ्यानं बेसा गावाच्या पुढं शेतात उभं केलं आणि सांगितलं, रेल्वे स्टेशन पंधरा मिनिटांवर. मी म्हटलं, "हेलिकॉप्टरनं का?" तिसऱ्या घरात एकाही खिडकीला कूलर बसायला जागा नाही, चौथ्यात जागा आहे तर पाणी नाही. बावीस दिवसांत मी सतरा घरं पाहिली. आणि प्रत्येक संध्याकाळी बाबा ताट बाजूला सारून विचारायचे, "सापडलं का वं?" मी नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांचे गाल आत गेलेले मला दिसत होते. तीन आठवडे ते बघितलं आणि मनातल्या मनात मी हैदराबादची तिकिटं बघायला लागले होते.

त्या दिवशी दलालानं मला मानेवाड्याला बोलावलं. भर बारा वाजता. मैत्रिणीची स्कूटी, डोक्या-तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल — आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्या बाया अशाच डाकूसारख्या फिरतात, सख्खी बहीण समोरून गेली तरी ओळखू येत नाही. पोचले तर दलालाचा फोन, "मॅडम, तो फ्लॅट तर सकाळीच गेला." अरे मग मला कशाला बोलावलंस उन्हात! त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, ऍडमिन पोस्ट उडवतील.

रागानं स्कूटी वळवली ती चुकीच्या गल्लीत. टोकाला कडुनिंब, त्याखाली दुमजली बिल्डिंग, आणि गेटला वहीच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेली पाटी. "तळमजला विकणे आहे. दलाल नको." बस्स. फोन नंबर नाही, नाव नाही. मी गेट ढकललं. तीन पावलांत दार — पायरी एकच, तीही बुटकी. मी बेल दाबली.

साठीच्या पुढच्या एका बाईंनी दार उघडलं. गाऊन, चष्मा, हातात शब्दकोड्याचं पान.

मी स्कार्फही न सोडता सुरू झाले. "पाटीवर फोन नंबर का नाही लिहिला हो? माणसानं काय भिंतीशी बोलायचं का?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खदखदून हसल्या. "बरोब्बर! चिडलेलीच आली. बेबी ना वं तू?"

माझं तोंड स्कार्फच्या आत उघडंच राहिलं.

"ये आत. आठ दिवसांपासून तुझी वाट बघून राहिली मी. आधी पाणी पी."

त्यांनी स्टीलचा पेला आणि गुळाचा खडा पुढे केला. मी काही बोलायला गेले तर हातानंच थांबवलं. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बाकीचं, ही त्यांच्या आईची शिस्त. "त्याच्यापायीच तर तुझ्या बाबांचं नाव विचारायचं राहून गेलं," म्हणाल्या.

"माझ्या बाबांचं?"

"हो. मागच्या मंगळवारी आले होते ना. हीच वेळ होती."

मला वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत झाली आहे. वैरागडेकाकू म्हणते मी त्यांना. शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त. काका गेल्यावर एकट्याच होत्या, फ्लॅट विकून नाशिकला मुलीकडे जायचं ठरलेलं. डोकं माझ्यापेक्षा तल्लख. त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला उंच, काळासावळा, वाळकासा माणूस. गेट उघडून आला. पाणी प्यायला, गूळ खाल्ला. म्हणाला, "मायी बेबी आली हाय पुण्याहून. तिले घर पाहिजे. दुसऱ्या कोनाले नका देऊ बाई. येईन तं चिडलेलीच येईन, पन मनाची चांगली हाय."

"काकू, माझे बाबा दोन वर्षांपासून चालत नाहीत," मी म्हटलं.

"मग दुसरे कोणी असतील. हे तर मस्त चालत होते. काठीसुद्धा नव्हती." काकूंनी चष्मा वर सारला. "यांची इथली भुवई अशी अर्धीच होती."

आणि त्यांनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

मंडळी, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना माझ्या हातावर काटा आला! मी पेला खाली ठेवला. काकू उठल्या आणि मला हॉलच्या खिडकीशी घेऊन गेल्या. "जाताना खिडकी मोजून गेले. विती टाकून टाकून. मी म्हटलं टेप देऊ का, तर म्हणाले नाही लागत."

खिडकीखाली भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं. चार, दोन, तीन. खाली अर्धी कोर, आडव्या चंद्रासारखी.

आता हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. लोखंडाचं काम करणारे फूट आणि इंच लिहितात आणि उरलेलं सुतात. इंचाचे आठ भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक सूत. बाबा तेही वितीनं आणि बोटांनी काढायचे, टेप लावणाऱ्याला हसायचे. आणि माप पक्कं झालं की खाली ती कोर काढायचे. त्यांनी स्वतः शोधलेली खूण. दुकानातल्या पोराटोरांनाही ती काढायची परवानगी नव्हती. माझं अख्खं बालपण अशा कोरी काढलेल्या भिंती बघण्यात गेलं आहे.

मी पर्समधून टेप काढला. खात्रीसाठी तीनदा मोजलं. चार फूट, दोन इंच, तीन सूत. एका केसाचाही फरक नाही.

काकूंनी किंमत सांगितली. मी खाली बसले. माझ्या बजेटमध्ये होती, घासाघीस न करता! म्हणाल्या, आठ दिवसांत तिघं येऊन गेले, त्यातला एक जास्त द्यायला तयार होता. "पण त्या माणसाला मी शब्द दिला. उन्हात एवढ्या लांबून पोरीसाठी आलेला माणूस. त्याला हो म्हणून दुसऱ्याला देऊ का?" दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं तुळस लावायला हातभर अंगण, कडुनिंबाची सावली. आनंद की भीती, आधी काय झालं मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच आलं आणि मी काकूंच्या सोफ्यावर हसत हसत रडले. त्यांनी न विचारता आणखी एक पेला पाणी आणून दिलं.

परत येताना स्कूटीवर मी तपासणी सुरू केली — सवय जात नाही. दलालांची युक्ती? दलालाला माझं घरचं नाव कसं माहीत? बाबांचा जुना कारागीर? तो दहा वर्षांपूर्वीच गाव सोडून गेला. बाबाच लपूनछपून गेले असतील? तिसऱ्या मजल्यावरून, शहराच्या दुसऱ्या टोकाला, भर उन्हात, काठीशिवाय? काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, कॅमेरा आहे. मी थांबून विचारलं. दुकानदार म्हणाला, सात दिवसांचंच राहते ताई, मंगळवारचं उडालं.

घरी पोचले तेव्हा बाबा कूलरसमोर पलंगावर पडले होते आणि आई गवार मोडत होती. मी काहीच सांगितलं नाही. फक्त भिंतीचा फोटो बाबांच्या पुढे धरला.

त्यांनी फोन लांब धरून, जवळ धरून बघितलं. "हे तं म्याच लिवलं. कुठलं होय?"

"तुम्हीच सांगा."

"अक्षर मायंच हाय. खिडकी वळखू येत नाही. कोनाची हाय वं?"

मग मी सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले आणि मधेच म्हणाले, "काहून मजाक करून राहिली?" मी शपथ घेतली. आईच्या हातातली गवार तशीच राहिली.

"कोणत्या दिवशी म्हनते थे बाई?" आईनं विचारलं.

"मंगळवारी. दुपारी."

आई बाबांकडे बघत म्हणाली, "मंगळवारीच तं यायनं मले उठवलं होतं. दुपारची मी जरा लवंडली होती. पाय जळून राहिले म्हने. हात लावून पायते तं काय बाप्पा, तळपाय तव्यावानी तापले! अख्खा दिवस कूलरपुढं पडलेला मानूस, अन् पाय असे? मंग मी काशाची वाटी घेतली अन् तूप लावून घासली. वाटी काळीठिक्कर."

आमच्याकडे अंगात उष्णता झाली की तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासतात. वाटी काळी पडली की उष्णता निघाली असं म्हणतात. तूप आणि धातूनं ती तशीही काळी पडतेच, हे मला माहीत आहे, मला शिकवू नका. पण तापलेल्या तळपायांचं काय?

"बाबा, तुम्हाला काही आठवतं? स्वप्न वगैरे?"

"दुपारचा डोळा लागते. मंग काही नाही." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "गूळ खाल्ल्यावानी तोंड गोड होतं उठलो तवा. म्या तुया मायले म्हनलंही होतं."

आईनं मान हलवली. गुळाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. पेल्याचं सांगितलं, गुळाचं विसरले होते. हे मी नंतर तीनतीनदा आठवून बघितलं आहे.

दोन दिवसांनी बाबांना घर दाखवायला नेलं. शेजारचे चौघं, तीच प्लास्टिकची खुर्ची, खाली गाडी. बाबा नवरदेवासारखे खूश! दुपट्टा बांधला, दाढी केली, रस्ताभर काचेला नाक लावून बसले. "हे गेट मायं," "ते शटर मायं" असं चालू होतं. मी मात्र पुढे काय बोलायचं ते मनात जुळवत होते. काकूंना मी अजून सांगितलं नव्हतं की त्या दिवशी बाबा घरातून हललेच नव्हते.

काकू गेटपर्यंत आल्या. "या भाऊ, या! खुर्चीत का? काय झालं?"

बाबांनी हात जोडले. "नमस्कार बाई. वळखलं नाही म्या तुमाले."

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, तुम्ही आला होतात ना... पाणी प्यालात... खिडकी मोजलीत?"

"म्या नाही जी. मले तं दोन वर्सं झाले धरल्याबिगर उभंही राहता येत नाही."

आणि मग मला सांगावंच लागलं. आई, वाटी, तिसरा मजला, सगळं. काकू ऐकत ऐकत मागं सरकल्या. विज्ञान शिकवलेली बाई, चिडली ती. "म्हणजे मला फसवून राहिले तुम्ही लोक? कोणाला तरी पुढं पाठवलं, माझ्याकडून शब्द घेतला, जास्तवाल्या गिऱ्हाइकाला मी परत पाठवलं! मग तो माणूस कोण होता?"

"काकू, मलाही माहीत नाही. खरंच."

"मला विचार करावा लागेल," त्या म्हणाल्या. दार धरून उभ्या राहिल्या. आत या असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. गेलं, मला वाटलं. हातात आलेलं घर गेलं. आता भावाला फोन, हैदराबादची गाडी, आणि बाबांचं ते भिंतीकडे तोंड करून झोपणं. मला त्या क्षणी त्या दुपट्टेवाल्या माणसाचा असा राग आला! यायचंच होतं तर धड तरी यायचं.

बाबांना आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. खुर्चीतून ते दाराच्या फटीतून आत हॉलमध्ये बघत होते. तिथं काकूंचा छोटा कूलर घरघरत होता. "बाई," बाबा म्हणाले, "रागवा तुम्ही. पन ते समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवत जा. हवेले जायले वाट पायजे. कोंडली का कूलर चिकट मारते, मंग रातभर घाम पुसा." आणि चार बोटं जुळवून हवेत दाखवली.

काकू त्या बोटांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही मला हे त्या दिवशीही सांगितलं होतं. असंच. 'रागवा तुम्ही' इथून... मी तेव्हा म्हटलं होतं की माझ्या घरात मला शिकवू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे मी तुला सांगितलं होतं का?"

"नाही काकू."

"कोणालाच नाही सांगितलं. लाज वाटली म्हणून. कारण त्या दिवसापासून खिडकी उघडी ठेवली आणि छान झोप लागली."

त्या दार सोडून बाजूला झाल्या. "आणा त्यांना आत. ऊन आहे."

बस. यापुढं फ्लॅटचं काही सांगण्यासारखं नाही, कर्ज, कागद, रजिस्ट्री, तुम्ही सगळ्यांनी केलं आहे ते. काकूंनी सामान नाशिकला पाठवलं आणि मे संपायला नऊ दिवस असताना आम्ही राहायला गेलो. पहिल्या संध्याकाळी बाबा दोन भाकरी आणि वरून भात जेवले. कडुनिंबाखाली खुर्ची लावली, ते वॉकर धरून ती एक बुटकी पायरी उतरले आणि खुर्चीत जाऊन बसले. दोन वर्षांनी जमिनीवर! येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाक. "काय गा, कुठं निघाला?" मी खिडकीतून बघत होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. मी नाचलेही थोडी, आई हसली.

पोस्ट इथंच संपवणार होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं, त्याच्यासाठी खरं म्हणजे मी लिहायला बसले.

आई आंघोळीला गेली. दार लावलं आणि दोन मिनिटांनी हाक मारली, "बेबी, इकडं ये वं."

मी आत गेले. आईनं दार पुन्हा लोटलं. बाथरूमचं दार आत उघडतं, त्यामुळे दारामागची भिंत दार बंद केल्याशिवाय दिसतच नाही. मी एवढी तपासणारी, पण माझ्याही नजरेतून सुटली होती. त्या भिंतीवर, कमोडच्या बाजूला, कोरड्या जागी खडूनं एक आडवी रेघ होती. दोन्ही टोकांना छोटे ठिपके — ड्रिल मारायचे. खाली कोर.

"हँडलचं माप आहे," मी म्हटलं. "धरून उठायचं हँडल." आणि मला हसू आलं. "पण बाबांना हे कसं पुरेल? एवढं खाली? ते केवढे उंच."

आई पुढे सरकली. तिनं हात पुढे केला आणि रेघेवर ठेवला. बरोबर तिच्या मुठीखाली आली रेघ. तिला वाकावं लागलं नाही, ताणावं लागलं नाही.

"आई?"

"वरीस झालं," ती म्हणाली. "बसलं का उठता येत नाही मले. नळाले धरून उठते. एकडाव नळही निसटला होता. तुमाले काय सांगू? यायचे गुडघे असे, तू तिकडं पुन्याले."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. तीन मजले. भाजी, दूध, औषधं, गहू दळायला नेणं — दोन वर्षं सगळं तिनं वाहिलं होतं. दिवसातून चार वेळा तीच खाली-वर. आणि मी बावीस दिवस बाबांसाठी तळमजला शोधत नागपूरभर फिरत होते. बाबांसाठी. प्रत्येक दलालाला मी हेच सांगितलं होतं, माझ्या बाबांना पायऱ्या चढता येत नाहीत. आईचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं. नंतर दोघांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजींचे गुडघे आजोबांपेक्षा खराब आहेत, या चालत होत्या कशा?

नाशिकला फोन करून विचारलं. काकू म्हणाल्या, तो माणूस हात धुवायला म्हणून आत गेला होता खरा, जरा वेळच लागला होता, पण रेघ त्यांनी कधी पाहिली नाही. एकट्या राहणाऱ्या बाईनं बाथरूमचं दार कशाला लावायचं?

कोण आलं होतं, कसं आलं होतं, मला आजही माहीत नाही. झोपलेला माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाणी पिऊन येतो, हे मी कोणत्या फॉर्मवर लिहू? मी मोजू शकते तेवढं सगळं मोजलं, आणि सगळं जिथल्या तिथं भरलं. पुढचं मला येत नाही. कोणाला येत असेल तर खरंच सांगा, मी हसणार नाही.

हँडल बसवलं त्या संध्याकाळी मी बाबांपाशी कडुनिंबाखाली जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, तुम्ही असा किंवा कोणी असो, एकच रेघ का मारली? तुमच्यासाठी एक मारायची ना. पडता तुम्ही."

"म्या नाही मारली म्हनलं ना तुले." त्यांनी तंबाखू मळत घराकडे बघितलं. आत आई भांडी लावत होती. "पन मारली असती तं एकच मारली असती. मले तं तुयी माय धरते वं. तिले कोन धरन?"